जळगावात शिकायला येताय? सामान उतरवण्याआधी हे वाचा

धुळ्याहून निघालेल्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. पायाशी पत्र्याची पेटी, मांडीवर गोधडीचं बोचकं. पाळधी मागे पडलं आणि थोड्या वेळानं महामार्गालगत एक भलंमोठं आवार दिसलं. "केवढं मोठं आहे!" असं मनात म्हणाले आणि बघत राहिले. बसनं गिरणेचा पूल ओलांडला, शहरात शिरली, स्थानकात थांबली. मी पेटी ओढत रिक्षापाशी गेले आणि विद्यापीठ म्हणाले. रिक्षावाल्या भाऊंनी आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, धुयाकडून आल्या ना? मंग ते तं मागेच राह्यलं!"

आले तेवढी परत गेले, तीही स्पेशल रिक्षा करून. मी साक्री तालुक्यातली, म्हणजे खान्देशचीच, तरी ही गत. जे नगर, संभाजीनगर किंवा विदर्भातून पहिल्यांदाच येतात त्यांचं काय होत असेल, म्हणून हे लिहायला घेतलं. जळगावात दोन वर्षं एम.एस्सी. केलं. जे कळायला मला सहा महिने लागले ते तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळावं.

१. उतरायचं कुठे, ते चढतानाच ठरवा

विद्यापीठ शहरात नाही. ते शहराच्या पश्चिमेला साधारण आठ किलोमीटरवर, धुळ्याच्या रस्त्याला, बांभोरीच्या बाजूला आहे. धुळे, पारोळा, एरंडोलकडून येत असाल तर ते आधी लागतं आणि शहर नंतर. वाहकाला बसमध्ये पाय ठेवतानाच विचारा, "विद्यापीठाला थांबता का?" सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि तिकीट फाडल्यावर विचारलं तर उत्तर जरा तिरकं येतं.

रेल्वेनं येणाऱ्यांना हा घोळ नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावकडची गाडी असो की भुसावळकडची, जळगाव स्टेशन शहराच्या मध्यात आहे. तिथून विद्यापीठाकडे उलटं यायचं.

प्रवेश विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात आहे की शहरातल्या कॉलेजात, हे घरच्यांनाही नीट सांगून ठेवा. मूळजी जेठा (मू. जे.) आणि नूतन मराठा ही कॉलेजं शहरात आहेत. गावाकडे सगळं "जयगावले शिकस" एवढ्यावरच संपतं. माझे काका एकदा शेंगदाण्यांची पिशवी घेऊन शहरातल्या कॉलेजच्या फाटकाशी तासभर उभे होते.

नावाचंही सांगते. १९९० साली स्थापना झाली तेव्हा नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव पुढे लागलं. त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडी 'उमवि', कागदावर पूर्ण नाव आणि वर्तमानपत्रात 'कबचौउमवि' असे तिन्ही प्रकार भेटतील. अर्ज भरताना मात्र पूर्ण नावच लिहा.

२. कागदांची पिशवी

पिशवी म्हणते, कारण फाइल पुरत नाही. हे सगळं मूळ प्रत आणि किमान तीन झेरॉक्ससह आणा:

– दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका
– शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
– दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र
– शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
– आधार कार्ड, एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांक खात्याचा क्रमांक), पासपोर्ट आकाराचे फोटो (बारा तरी)
– जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेयर
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र
– बँकेचं पासबुक

धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे याच विद्यापीठात येतात. इथल्याच कॉलेजातून पदवी झाली असेल तर स्थलांतराच्या मागे लागू नका. पुणे, नाशिक किंवा अमरावतीकडून येत असाल तर मात्र तो कागद जुन्या विद्यापीठातूनच काढावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून निकाल लागल्या दिवशीच अर्ज टाका.

सोडल्याचा दाखला मूळच जमा होतो आणि मग सहजी हाती येत नाही. देण्याआधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ स्कॅन काढून स्वतःला मेल करून ठेवा. नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं आहे का, हेही पाहून घ्या. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांचं नाव एक आणि आधारवर त्याचं लाडाचं रूप. एवढ्यासाठी मी साक्रीच्या दोन चकरा मारल्या.

नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला गावाकडूनच काढून आणा. प्रवेशाच्या दिवसांत सेतूवर काय गर्दी असते, हे तिथे एकदा रांगेत उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

३. खोली: जुलैत बघाल, एप्रिलमध्ये राहाल

या कलमावर जरा थांबते, कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते.

आधी वसतिगृह. विद्यापीठाच्या आवारात मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत, पण प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. अर्ज वेगळा, यादी वेगळी. मी प्रवेशाच्या आनंदात चार दिवस गावी जाऊन आले आणि वसतिगृहाच्या अर्जाची तारीख निघून गेली. चूक सर्वस्वी माझी. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहंही आहेत, तिथे अर्ज नक्की करा. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे असं सांगतात. आताच्या रेक्टरकडून ती आशा ठेवू नका, झाडू सोबत आणा.

वसतिगृह नाही मिळालं तर खोली शोधायची. विद्यापीठात शिकणाऱ्यांना खोटेनगर, दादावाडी, पिंप्राळा हा पश्चिमेचा भाग सोयीचा, कारण महामार्गावर आलं की गाडी मिळते. शहरातल्या कॉलेजवाल्यांनी प्रभात चौक, रामानंदनगर, गणेश कॉलनीच्या बाजूला बघावं. फाट्यावरच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं आणि मेसच्या भिंती इथे 'कॉट बेसिस'वर (म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट) जागा मिळेल, अशा चिठ्ठ्या असतात. चिठ्ठीवरचा नंबर लावण्याआधी मेसवाल्या मावशींना विचारा. कुठल्या घरात मुली वर्षभर टिकतात आणि कुठून दिवाळीतच पेट्या बाहेर निघतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

आता सापळा. जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. तुम्ही खोली बघायला याल जुलैत. पाऊस पडत असेल, वारा सुटलेला असेल आणि गच्चीखालची वरच्या मजल्यावरची खोली अगदी स्वर्ग वाटेल. भाडंही खालच्या खोलीपेक्षा थोडं कमी. मीही भुलले. एप्रिलमध्ये त्या खोलीचा स्लॅब रात्री अकरालाही हाताला चटका देत होता. भिंतीला पाठ टेकवता येत नव्हती, बादलीतलं पाणी गरम, उशी गरम. शेवटी आम्ही दोघी सुती चादर ओली करून पंख्याखाली टांगायचो, ती तासाभरात कडक व्हायची.

म्हणून खोली बघताना हे विचारा:

– वर अजून एक मजला आहे का? नसेल तर पश्चिमेची भिंत उन्हात आहे की सावलीत?
– कूलर लावू देणार का, आणि त्याचे पैसे वेगळे का? काही घरांत कूलरचा महिना वेगळा मोजतात आणि ते मार्चमध्ये सांगतात.
– वीज सबमीटरवर की ठोक? सबमीटर असेल तर युनिटचा दर आजच ठरवा.
– पाण्याची टाकी केवढी, किती जणांत? शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण नळ रोज सुटेलच असं धरून चालू नका.
– गेट किती वाजता बंद? प्रयोगशाळेत उशीर झाला तर काय?

अनामत रक्कम दिली की साध्या कागदावर का होईना, सही घ्या. माझ्या पहिल्या घरमालकांनी खिळे ठोकल्याचे पैसे अनामतीतून कापले. ते खिळे माझ्या आधीच्या मुलीचे होते. राहायला आल्या दिवशी भिंतींचे फोटो काढले असते तर वाद मिनिटात मिटला असता. घरमालकीण काकूंशी तेव्हा अबोला झाला, आता रस्त्यात भेटल्या तर घरी चहाला नेतात. छोट्या शहरात भांडण फार दिवस चालवता येत नाही, रोज समोरासमोर येता.

४. मेस, डबा आणि शेवभाजी

मेस लावताना महिन्याचे पैसे लगेच भरू नका. दोन दिवस सुटं जेवा, त्यातला एक दिवस सोमवार असू द्या. रविवारी सगळ्याच मेस छान असतात. सोमवारी रविवारचं काय उरलं ते ताटात दिसतं. सुटीवर गावी गेलात तर 'खाडा' धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, हे विचारून घ्या.

बाहेरून आलेल्यांनी पहिल्या आठवड्यात जिभेला सांभाळावं. इथली शेवभाजी म्हणजे काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा आणि त्यात जाड तिखट शेव. शेव आधी टाकून ठेवली तर लगदा होतो, म्हणून ती वाढतानाच टाकतात. कोल्हापूरची एक मैत्रीण "आम्हाला तिखटाचं काय सांगता" म्हणत बसली आणि दुसऱ्या घासाला ताकाचा ग्लास शोधू लागली. पोटाला बरं हवं असेल तर वरण-बट्टी, फौजदारी डाळ, खिचडी-कढी.

आणि भरीत. हे हिवाळ्याचं काम. वांगी मोठी, हिरवी, पांढरट रेघांची. मेसमधलं भरीत खाऊन मत बनवू नका. वर्गातल्या कोणाचं तरी शेत असतंच, डिसेंबर-जानेवारीत तिथे भरीत पार्टी होते. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडजीत ठेचायची. मग मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वरून तेल सोडायला हात आखडायचा नाही. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. बोलावणं आलं तर "अभ्यास आहे" म्हणू नका. पुन्हा कोणी बोलावणार नाही.

५. अप-डाउन करणारे

खान्देशात अर्धं कॉलेज अप-डाउन करतं. भुसावळ पंचवीसेक किलोमीटरवर. तिथून रेल्वेचा पास काढून रोज येणारी मुलं आहेत, अमळनेर-धरणगावचीही आहेत.

एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्सा तुम्ही भरता. मुलींना मार्च २०२३ पासून साध्या तिकिटातच ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे अनेक जणी पास काढायचा कंटाळा करतात. रोज येत असाल तर हिशोब करून बघा, पासच स्वस्त. पाससाठी कॉलेजचा शिक्का असलेला अर्ज लागतो, तो महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत घेऊ नका, रांग दारापर्यंत असते.

अप-डाउन करणाऱ्यांचा खरा तोटा पैशांत नाही. पाचच्या गाडीसाठी साडेचारला उठून जावं लागतं आणि प्रॅक्टिकलनंतर सर जे बोलतात ते ऐकायचं राहून जातं. शेवटच्या वर्षाला तरी जळगावात राहा.

६. शिष्यवृत्ती: अर्ज भरला म्हणजे झालं नाही

राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. मागासवर्गीयांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नवाल्यांसाठी राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना, वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी पंजाबराव देशमुख योजना, सगळं तिथेच. शासकीय वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयंम् या योजना आहेत. त्यांना भाड्यानं राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून खोलीचा करार कागदावर असणं कामाचं.

चुका तीन होतात. पहिली, अर्ज भरून 'सबमिट' केला की मुलं विसरतात. तो कॉलेजच्या टेबलावर तपासला जातो, त्रुटी निघाली तर परत तुमच्याच खात्यात येऊन पडतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. दर आठवड्याला उघडून बघा. दुसरी, मोबाइल नंबर बदलतात आणि आधारला जुनाच राहतो, मग ओटीपी घरी वडिलांच्या फोनवर जातो आणि वडील शेतात. तिसरी माझी. पैसे येतात ते आधारला जोडलेल्या खात्यात, अर्जासोबत ज्या पासबुकची झेरॉक्स लावली त्यात नाही. मी जळगावात नवीन खातं उघडलं आणि चार महिने त्यात बघत बसले. पैसे आठवीत असताना गावच्या बँकेत उघडलेल्या खात्यात येऊन पडले होते. त्या खात्याचं पासबुक आईनं धान्याच्या कोठीवर, रेशनकार्डाखाली जपून ठेवलेलं. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधीच विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

हातखर्चासाठी विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. मी वर्षभर पुस्तकांवर लेबलं चिकटवली. पैसे फार नाहीत, पण ग्रंथालयात कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते डोळे मिटून सांगता यायचं, आणि परीक्षेच्या आधी ती माहिती सोन्याच्या भावाची होती.

७. अभ्यास

इथे थोडक्यात. परीक्षेचा अर्ज विलंब शुल्काशिवाय भरायची तारीख सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लागते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती दोन दिवसांनी येते आणि कधी चुकीची येते. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. निकाल अनपेक्षित लागला तर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागा, ती बघून मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा.

शहरात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका भरपूर आहेत. जागा घेण्याआधी दुपारी दोनला जाऊन बघा, सकाळी नाही. दुपारी किती डोकी पुस्तकात आणि किती टेबलावर, त्यावरून एसीची आणि मुलांची दोन्हींची परीक्षा होते. लॅपटॉप बिघडला तर गोलाणी मार्केट. एकाच दुकानात हो म्हणू नका, तीन ठिकाणी भाव विचारा.

८. "काय भो?"

मला वाटलं होतं, खान्देशी म्हणजे अहिराणी आणि अहिराणी तर माझी मायबोली. पहिल्याच दिवशी यावलची मुलगी मला म्हणाली, "काय करून राह्यली व?" मी म्हटलं असतं, "काय करी राहिनी?" धुळे-नंदुरबारकडे अहिराणी, जळगावच्या पूर्वेला भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोली. बहिणाबाई आसोद्याच्या, जळगावच्या अगदी लगतच्या. त्यांच्या ओव्यांची भाषा तुम्हाला इथे आजही भाजीवालीच्या तोंडी ऐकू येईल. 'ळ'चा 'य' होतो: केळी म्हणजे केयी, जळगाव म्हणजे जयगाव. पहिल्या महिन्यात हसू येईल. समोरच्याच्या तोंडावर हसू नका, तुमच्या 'मी चाललेय'ला ते मागून हसतातच.

'भो' म्हणजे भाऊ, त्यात उद्धटपणा नाही. रिक्षावाल्याला, टपरीवाल्याला भाऊ म्हणा, वयस्कांना आप्पा किंवा नाना, घरमालकिणीला काकू. "एक्स्क्यूज मी" म्हटलं की भाव वाढतो, असं माझं तरी निरीक्षण आहे.

श्रावणात कानबाई, म्हणजे खान्देशची देवी, घरोघरी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर रोट होतात, आणि त्या सुमारास निम्मा वर्ग गावी असतो. तुम्ही बाहेरचे असाल तर कोणीतरी घरी नेईलच. रोटाचा प्रसाद घराबाहेर नेत नाहीत, म्हणून डब्यात मागू नका. तिथेच बसून खा.

९. उन्हाळा आणि जायची वेळ

मार्चपासून दिवस उलटा होतो. सकाळी सहा ते दहा अभ्यास, दुपारी बाहेर पाऊल नाही, संध्याकाळी सातनंतर पुन्हा. नेमक्या याच दिवसांत परीक्षा असतात. डोक्याला पांढरा सुती रुमाल, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक मीठ-साखरेची पुडी. संध्याकाळी मेहरूण तलावावर हवा बरी असते. रविवारी सकाळी जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ बघून या, आतला गारवाही मिळतो.

कूलर नवा घेऊ नका. मे-जूनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं निघतात, तेव्हा जुना कूलर, टेबल, खाट, सायकल सगळं पडत्या भावात मिळतं. अडचण एवढीच की तेव्हा तुम्ही जळगावात नसता. म्हणून पहिल्या वर्षाला येताच वरच्या वर्गातल्या कोणाला तरी सांगून ठेवा.

मी माझा कूलर दोंडाईच्याच्या एका मुलीला दिला. ती पैसे मोजत होती आणि मी सांगत होते: गवताच्या जाळ्या दरवर्षी बदल, मोटारीला तेल घाल, टाकीत पाणी साचू देऊ नको, डास होतात. तिनं मान डोलावली आणि विचारलं, "ताई, खोली कोणती घेऊ? वरची मस्त हवेशीर आहे."

मी तिला जिन्यावरून खाली घेऊन गेले आणि काकूंना हाक मारली.